पुंडलिकराव वळणावर खोकतात

पुंडलिकरावांना खोकला झालेला नाही. हे आधीच सांगते, कारण परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या मागून तो आवाज आला तेव्हा ईशानने "आजी, त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा" असा सल्ला दिला आणि ऋचाने मला मास्क लावायला सांगितलं. मुलांनो, पुंडलिकरावांची फुप्फुसं तुम्हा दोघांची मिळून होतील त्यापेक्षा मजबूत आहेत. ते खोकतात ते रीत म्हणून.

पूर्वी दुसऱ्याच्या अंगणात शिरताना पुरुषमाणूस दाराशी थांबून एकदा खाकरत असे. आत कुणी आंघोळीला बसलं असेल, कुणी आडवं झालं असेल, त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून. आता दारोदारी बेल आली आणि खाकरणं गेलं. पुंडलिकरावांनी ते सोडलं नाही. उलट त्यांनी ही रीत जंगलाला लावली. आमच्या हिंगणीहून जंगलाच्या कडेकडेने एक रस्ता टेकडीवर मरीमायच्या ओट्यापर्यंत जातो. त्याला सात वळणं आहेत. पुंडलिकराव रोज सकाळी सायकलने तिकडे जातात आणि प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबून दोनदा खोकतात. मग मोठ्याने सांगतात, "येऊन राह्यलो जी. एकटाच आहो."

हे ते रोह्यांना, म्हणजे तुमच्या नीलगायींना सांगतात, रानडुकरांना सांगतात, अस्वलाला सांगतात आणि ज्याचं नाव ते घेत नाहीत, नुसतं "मोठे मालक" म्हणतात, त्यालाही सांगतात. सायकलला घंटी आहे, ती का वाजवत नाही, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं.

"घंटी वाजवून कोनी पाव्हना येते का बाई? घंटी तं कुल्फीवाला वाजवते."

पुंडलिकराव आमचे शेजारी. दोन घरांमध्ये मेंदीचं कुंपण आहे, आणि कुंपणाला त्यांनीच पाडलेलं एक भगदाड आहे. त्यातून सकाळी इकडे सांभार येतो, म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि दुपारी माझं वर्तमानपत्र तिकडे जातं. त्या भगदाडाशी येऊनही ते आधी खोकतात. वय त्रेसष्ट, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी. पायजम्याच्या उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा. तीन एकरांत वांगी, पालक आणि सांभार काढतात. सेलूच्या बाजारात त्यांच्या वांग्यांना मान आहे.

सायकल मुळात त्यांची नव्हेच. त्यांचा एकुलता एक मुलगा निलेश पुण्याला एका कंपनीत आहे. मी सेलूच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा तो माझ्या वर्गात होता. स्पेलिंगं कच्ची, पण मुलगा सरळ. पुण्यात बसून बसून पोट सुटायला लागलं म्हणून त्याने डोंगरात चालवायची सायकल घेतली. जाड दातेरी टायर, पुढे शॉकअप, एकवीस गिअर. ती त्याने अकरा दिवस चालवली. मग गुडघा दुखला, मग पाऊस लागला, मग काम वाढलं, आणि एका दसऱ्याला सायकल ट्रॅव्हल्सच्या टपावर बसून हिंगणीला आली. गोठ्यात म्हाताऱ्या बैलाची जागा रिकामी होती, तिथे तिला उभं केलं. निलेश चार दिवसांनी परत गेला.

गोठ्यात काही नुसतं उभं असलेलं पुंडलिकरावांना बघवत नाही. "उभ्या जनावराचे पाय धरतेत," असं म्हणून तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी सायकल बाहेर काढली.

सुरुवात चुकीनेच झाली. बैलगाडीच्या आसाला वंगण द्यायचं हे रक्तातच होतं, आणि घरात जवसाचं तेल होतं. त्यांनी ते वाटीभर सायकलच्या चेनला पाजलं. दोन दिवस सायकल लोण्यासारखी चालली. पण जवसाचं तेल वाळलं की त्याचं व्हार्निश होतं. कुठल्याही रंगाऱ्याने हे सांगितलं असतं. चौथ्या दिवशी चेनीची चिक्की झाली होती. त्यात धूळ, तुरीचा भुसा आणि दोन मुंगळे कायमचे बसले होते. पुंडलिकराव सायकल खांद्यावर घेऊन घरी आले. त्यांच्या पत्नी मंदाबाई दारातच उभ्या होत्या.

"जवसाचं तेल भाकरीवर घेतेत जी," त्या म्हणाल्या. "सायकलीले कायले चारलं?"

हा अपमान त्यांना लागला. चार दिवस ते गोठ्यात बसून डिझेलने आणि जुन्या टूथब्रशने चेनीची एकेक कडी घासत होते. त्या दिवसापासून चेन हे त्यांचं व्रत झालं. संध्याकाळी सायकल गोणपाटावर उलटी ठेवायची, मंदाबाईंच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीने चेन पुसायची आणि प्रत्येक कडीवर सायकलचं तेल सोडायचं. "थेंब एक, कडी एक," असं पुटपुटत. त्याहून जास्त नाही, कारण जास्त तेल म्हणजे जास्त धूळ. टायरमधली हवा ते अंगठ्याने दाबून बघतात, गिऱ्हाईक वांगं दाबून बघतं तशी. ब्रेकची तार सैल झाली की त्यांना झोपेतसुद्धा कळतं, असं मंदाबाई म्हणतात आणि कपाळाला हात लावतात.

या सेवेत हात कोपरापर्यंत काळे होतात. चेनीला बोट लावलं आणि बोट स्वच्छ राहिलं, असं कधी होत नाही. मंदाबाईंनी त्यांच्यासाठी वेगळा साबण आणि वेगळा पंचा ठेवला आहे, आणि हात धुऊन दाखवल्याशिवाय ते माठाला शिवू शकत नाहीत. धुतल्यावरही रेषांमध्ये काळं राहतंच. पण या हातांनी त्यांना एक अभिमान दिला, आणि तो ते एसटीच्या कंडक्टरपासून गुरवापर्यंत सगळ्यांना ऐकवतात.

"सगळ्याइची पडते," ते म्हणतात. "माही चेन पडत नाई."

मग त्यांनी मनाशी ठरवलं की मरीमायचा चढ एकदाही पाय न टेकता चढायचा. तो चढ कसा आहे ते सांगते. पायी जाणारे लोक तिसऱ्या वळणावर देवीची आठवण काढतात आणि पाचव्यावर नातेवाइकांची. पुंडलिकरावांनी तयारी सुरू केली. घड्याळावर त्यांचा विश्वास नाही, "ते बसल्या जागी बी चालते." म्हणून खालच्या चिंचेपासून ते एकोणतीसचा पाढा म्हणत चढतात, अगदी सावकाश, प्रत्येक वळणाला एक पायरी आणि उरलेल्या शेवटच्या चढात तीन. एकोणतीसचाच का, तर चौथीत त्या पाढ्यावरून गुरुजींनी त्यांना बाकावर उभं केलं होतं. तो हिशेब त्यांना पुरा करायचा होता. जिथे दम तुटेल तिथे पाढा तुटतो. पहिल्या दिवशी तो एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशीवर तुटला.

मला हे सारं इतकं नेमकं ठाऊक आहे, कारण त्याची वही माझ्याकडे आहे. रोज परत आले की ते भगदाडाशी खोकतात आणि म्हणतात, "लिहा बाई." बाईंच्या वहीत लिहिलं म्हणजे पक्कं झालं, असा त्यांचा समज. मी रकाने आखून दिले: पाढा कुठवर, पाय किती वेळा टेकला, जनावर कोणतं भेटलं. त्यातली एक नोंद अशी आहे: "चोकापर्यंत. पाय सहा. मोर दोन, रानडुक्कर एक, शांत." शांत हा शब्द त्यांनीच लिहायला लावला.

पायांत जोर यावा म्हणून ते पाठीवर निलेशचं शाळेचं जुनं दप्तर बांधून जाऊ लागले. त्यात काय असायचं, ते एका सकाळी कळलं. मंदाबाई भगदाडातून डोकावून माझा वरवंटा मागत होत्या.

"तुमचा कुठे गेला?" मी विचारलं.

"गेला जंगल पाहाले," त्या म्हणाल्या. "घरात पाटा एकटा बसून आहे."

जनावरांशी वागण्याची त्यांची पद्धत मात्र मला फार आवडते. मोह गळायच्या दिवसांत एकदा चौथ्या वळणावर अस्वलीण मोहफुलं खात बसली होती, पाठीवर पिल्लू. हे खोकले. ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली. पुंडलिकराव उतरले, सायकल मध्ये धरली, मान खाली घातली आणि हळू आवाजात म्हणाले, "बसा जी, बसा. मले घाई नाई." नवा जावई सासऱ्यासमोर उभा राहतो तसे ते तिथे उभे राहिले. तिचं खाऊन झालं, ती झुडपात गेली, मग हे पुढे निघाले. मी वहीत पाय टेकल्याची नोंद करायला लागले तेव्हा त्यांनी हरकत घेतली.

"पाव्हना उभा राह्यला म्हंजे पाय टेकला, असं नाई होत बाई. घर त्याइचं आहे."

मला ते पटलं. जनावर आडवं आलं तर टेकलेला पाय धरायचा नाही, असा नियम वहीच्या पहिल्या पानावर चढला.

गेल्या पावसाळ्यात पुंडलिकरावांना खरंच सर्दी झाली. घसा बसला, आवाज फुटेना. माणसाने घरी राहावं की नाही? ते गेले. सहाव्या वळणावर त्यांनी खाकरायचा प्रयत्न केला, पण घशातून नुसती हवा आली. पलीकडून एक रानडुक्कर आपल्या घाईत येत होतं. कोपर मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मी विचारपूस करायला गेले तर म्हणाले, "त्याची चूक नाई बाई. मीच न खाकरता गेलतो."

निलेशला हे फोनवर कळलं, आणि तो घाबरला. त्याचं बोलणं आता पुण्याचं झालं आहे. "बाबा, कोपरावर भागलं म्हणून ठीक आहे. उद्या काही झालं तर मी इथून काय करणार? दिवाळीत येतो आणि सायकल देवळीच्या मित्राला देऊन टाकतो. तो चालवेल." त्याचं चुकीचं नव्हतं. पुंडलिकरावांनी फोन मंदाबाईंच्या हातात दिला आणि गोठ्यात जाऊन डाव्या हाताने चेन पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी मंदाबाई भगदाडातून आल्या आणि माझ्या ओट्यावर बसल्या. निलेश पुण्याला गेल्यापासून त्या घरात दोनच माणसं. त्या सांगत होत्या की आधी हे संध्याकाळी फाटकाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहत असत, कोणतीच आपल्याकडे थांबणार नाही हे माहीत असून. जेवताना दोघांनाही बोलायला काही नसायचं.

"सायकल आल्यापासून रोज काहीतरी सांगाले असते त्याइच्याजवळ," त्या म्हणाल्या. "अस्वल दिसलं, मोर दिसला. मी म्हनतो पुरे जी. पन आयकतो."

दिवाळीत निलेश आला. पुंडलिकरावांनी त्याच्याशी वाद घातला नाही. ते एवढंच म्हणाले की मरीमायचा चढ पाय न टेकता चढून दाखवतो. चढलो तर सायकल इथे राहील, पाय टेकला तर तुझ्या मित्राची. निलेशने मान्य केलं. म्हणाला, मीही सोबत येतो, म्हणजे नंतर भांडण नको. शाळेच्या पी.टी.च्या सरांची सायकल त्याने मागून आणली. पंच म्हणून मला नेमण्यात आलं, कारण वही माझी.

मी भगदाडाशी उभं राहून नियम वाचून दाखवले. जनावर आडवं आलं तर पाय माफ. काटा लागून पंक्चर झालं तर माफ. चेन पडली तर माफ.

"ते खोडा," पुंडलिकराव म्हणाले.

"काय?"

"पंक्चर राहू द्या, काट्यावर माहा जोर नाई. चेन खोडा. माही चेन पडत नाई."

मी पट्टी घेऊन ती ओळ खोडली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर ओट्यापाशी जाऊन बसलो. माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली होती. मंदाबाईंनी पाण्याची कळशी आणि तांब्या आणला होता. निलेशचे शाळेतले चार मित्र मोबाईल घेऊन आधीच येऊन बसले होते. पुंडलिकरावांविषयी त्यांना शंका नव्हती. त्यांची पैज निलेशवर होती. कोण म्हणे दुसऱ्या वळणावर बसेल, कोण म्हणे तिसऱ्यावर. "पुन्याचं पोट आहे बाप्पा," एक जण म्हणाला, "त्याले वेगळा गिअर लागते." निलेश पाय ओढत वर आला की त्याची चित्रफीत काढून शाळेच्या ग्रुपवर टाकायची, असं त्यांचं ठरलं होतं. मंदाबाई ऐकत होत्या आणि पदराचं टोक पिळत होत्या.

ओट्यावरून फक्त शेवटचं, सातवं वळण दिसतं. बाकी सगळं झाडीत. चढावर दम बोलण्यात घालवता येत नाही, त्यामुळे खालून फक्त खोकला यायचा आणि पाढा. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. मग चोक, मग पंचे. आवाज जवळ येत होता आणि अजिबात थरथरत नव्हता. सातव्या वळणाच्या पलीकडून, अगदी स्पष्ट, खणखणीत, "एकोणतीस साते दोनशे तीन" ऐकू आलं. मी पेनाचं टोपण काढलं. आता फक्त तीन पायऱ्या उरल्या होत्या.

आणि पाढा थांबला.

आम्ही वाट पाहिली. खोकलाही नाही. मंदाबाईंनी माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. बराच वेळ गेला. आठे दोनशे बत्तीस मी मनातल्या मनात पाच वेळा म्हटलं.

मग ते दोघं वळणावर दिसले. चालत, शेजारी शेजारी, आपापली सायकल हातात धरून. निलेश बीटासारखा लाल झाला होता, शर्ट अंगाला चिकटला होता, आणि तो खरोखरचा खोकत होता. पुंडलिकराव विहिरीवरून पाणी आणायला गेल्यासारखे चालत होते.

"टेकला बाई," त्यांनी लांबूनच सांगितलं. "चेन पडली."

निलेश कुठल्या वळणावर उतरला, हे कुणी विचारलंच नाही. मित्रांना त्यापेक्षा चांगली गंमत मिळाली होती. "काका, तुमची चेन? तुमची?" सगळे हसले. ज्याने मोबाईल निलेशसाठी धरला होता, त्याने तो पुंडलिकरावांकडे वळवला. पुंडलिकरावही त्यांच्यात हसले. मंदाबाई हसल्या नाहीत. मी वही उघडली. पहिल्या पानावर चेनची ओळ मीच पट्टीने खोडलेली होती, आणि वाचायला काही अडचण नव्हती.

निलेशने तांब्या भरला आणि वडिलांच्या समोर धरला. पुंडलिकरावांनी ओंजळ पुढे केली. मी खुर्चीवर होते, त्यामुळे ती ओंजळ माझ्या डोळ्यांच्या पातळीवरच आली.

हात स्वच्छ होते. रेषांमध्ये नेहमीचं जुनं काळं होतं तेवढंच. बोटांवर, अंगठ्याला, तळव्याला, नवा एक डाग नव्हता.

निलेशही तिकडेच पाहत होता. त्याच्या हातून पाणी पडत राहिलं. ओंजळ भरली, भरून वाहिली, मोडून जुळलेल्या कोपरावरून खाली जमिनीवर सांडू लागली, तरी तो तांब्या सरळ करीना.

"पुरे, पुरे," पुंडलिकराव म्हणाले. "मले आंघोळ घालून राह्यला का?"

निलेशने तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे न बघता बोलला, आणि कितीतरी वर्षांनी इथल्या बोलीत बोलला.

"बाई, जनावर आडवं आलतं. मी पाह्यलं. लिहा."

"कोणतं जनावर?" मी विचारलं. पंचाला विचारावं लागतं.

"रोही."

मी पुंडलिकरावांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत जनावरांच्या रकान्यात त्यांनी मला एकही खोटं लिहायला लावलेलं नव्हतं. त्यांनी ओल्या हाताने मिशा पुसल्या, मुलाकडे एकदा पाहिलं, मग झाडीकडे.

"होता," ते म्हणाले. "मोठा होता. जराकसं पोट सुटलं होतं त्याचं."

निलेशला पुन्हा खोकल्याची उबळ आली. मी लिहिलं: "सातेपर्यंत. पाय एक. रोही एक, मोठा. सायकल इथेच." खाली सही केली आणि वही मिटली. शाळेत असताना मी एका गुणाचीही खाडाखोड केली नव्हती, आणि या नोंदीतही नाही.

उतरताना ते दोघं सायकलींवर पुढे गेले. मंदाबाई आणि मी मागून सावकाश निघालो, त्यांच्या हातात कळशी, माझ्या हातात वही. सहाव्या वळणावरून, जिथे ते रानडुक्कर आलं होतं तिथून, ओळखीचा खोकला ऐकू आला. दोनदा. मंदाबाई थांबल्या.

"येऊन राह्यलो जी," पुंडलिकराव सांगत होते. "दोघं आहो."

आणि त्यामागून आणखी एक खोकला आला, जरा ओढूनताणून आणलेला, अजून सवय नसलेला.